धुलाईघरात ताप

मोजपट्टीने उभ्या आयुष्यात एकच शब्द गाजवला, आणि तोही त्याच्या घरचा नव्हता.

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला मोजपट्टी म्हणत, कारण मथळ्याची अक्षरं तो टेबलाच्या कडेवर बोटं आपटून मोजायचा. समोरचा संगणक न मोजताही सांगायचा की मथळा बसत नाही. पण ज्याला बोटं नाहीत त्याने मोजलेलं मोजपट्टी कशाला मानेल? एका अक्षराला एक बोट, दोन शब्दांमधल्या जागेला अर्धं. अर्धं बोट कसं मोजायचं असं नवख्या बातमीदारणीने विचारलं, तेव्हा त्याने बोट नुसतं वाकवून दाखवलं आणि वर, "शिकाल हळूहळू," असंही म्हणून घेतलं.

सहा वर्षांपूर्वी त्याची गाठ ‘हवामान बदल’ या शब्दांशी पडली. सात अक्षरं आणि वर अर्धं. एका कॉलमात ते शिरले की बाकीच्या बातमीला उभं राहायला जागा उरायची नाही. शिवाय ते छापले की पत्रं यायची. निम्मी पत्रं म्हणायची, सगळं थोतांड आहे, लोकांना उगाच घाबरवू नका. उरलेली म्हणायची, तुम्ही लोकांना पुरेसं घाबरवत नाही. संपादकसाहेबांना दोन्ही पत्रांनी सारखंच पित्त व्हायचं. मग एका संध्याकाळी, पान अडून बसलेलं असताना, मोजपट्टीने ‘हवापालट’ लिहून टाकलं. पाच अक्षरं. दुसऱ्या दिवशी पत्र एकही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

कसं येणार? हवापालट म्हणजे दुखण्यातून उठलेल्या माणसाने चार दिवस कुठे तरी जाऊन, आरामखुर्चीत पडून, गाल वर आणून परत यायचं. त्या शब्दाला औषधापेक्षा सुट्टीचा वास जास्त. नद्या आटल्या, हवापालट. रस्त्यांचं डांबर चपलांना चिकटायला लागलं, हवापालट. शेजारी कारंज्यात भिजणाऱ्या पोरांचा फोटो. कारंजं दर वर्षी तेच, पोरं तेवढी बदलायची. "शांत शब्द आहे," साहेब म्हणाले. मोजपट्टीने ते वाक्य जपून ठेवलं होतं. त्या शब्दाचे दोनशे चौदा मथळे झाले होते, आणि आकडा तोंडपाठ होता यात नवल नाही.

त्याची ताई त्याच इमारतीत एक मजला वर राहायची. सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा तिच्याकडे चहाला गेला, तर तिने कप डाव्या हाताने पुढे केला. ताई उजव्या हाताची. मोजपट्टीने उजव्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून वर, चार बोटं लांब, सरळ रेघेत भाजलेलं.

"हे काय?"

"इस्त्रीचा चटका."

"इस्त्री अशी सरळ रेघ ओढत नाही."

"आलास मोजायला! चहा घे, निवतोय."

ताई ज्या धुलाईघरात होती तिथे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. धुऊन झालेली ओली चादर दोघींनी दोन कोपरे धरून एका तापलेल्या जाड रोलरखाली सारायची, पलीकडून ती सुकून, कडक होऊन बाहेर. खोली पत्र्याची, रोलर वाफेचा, आणि उन्हाळा आता पूर्वीसारखा दोन महिन्यांत आटोपत नव्हता. ताईची तिथे एकोणतीस वर्षं झाली होती. पेन्शनला दोन उरली होती.

"ताई, पडलीस का तू रोलरवर?"

"पडले नाही. बसले. खाली बसताना हात लागला. डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून बसले. मागच्या बुधवारी. आता ओरडू नकोस."

मोजपट्टी ओरडला. ओरडून झाल्यावर ताईने त्याला सांगितलं ते असं. बायकांनी दोन अर्ज दिले होते: रोलर पहाटे पाचला लावा, दुपारी बाराला बंद करा, आम्ही तेवढंच काम काढून देतो. व्यवस्थापकाने, ज्याला सगळ्याजणी मागून शिट्टी म्हणायच्या कारण तो पाळी सुरू करताना शिट्टी फुंकायचा, दोन्ही अर्ज घडी करून खिशात घातले. आरोग्य खात्याला लिहिलं, तिथून उत्तर नाही. आणि मागच्या आठवड्यात शिट्टीने भिंतीवर पेपरातलं एक कात्रण चिकटवलं.

"कसलं कात्रण?"

"‘शहरात हवापालट’. खाली पोरं, कारंजं. म्हणतो कसा, बघा बायांनो, ही सगळ्या शहराची हवा आहे. तुमच्यासाठी वेगळी कुठून आणू? पेपरवाले तर म्हणतायत हवापालट चांगला असतो." ताईने कप विसळायला घेतला. "मी काही बोलले नाही. कुणाच्या भावाचा शब्द आहे ते तिथे कुणाला माहीत नाही, म्हणून वाचलास."

मोजपट्टीला चहा गोड लागेना. कारण त्याने हवापालट कधीच चांगला असतो असं लिहिलं नव्हतं. त्याने फक्त जागा वाचवली होती.

"नोकरी सोड," तो म्हणाला.

"सोडते. दोन वर्षं तू उभा राहा रोलरवर, माझ्या नावाने. उंची आपली सारखीच आहे."

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास नवखी बातमीदारीण चार ओळी घेऊन त्याच्या टेबलाशी आली. धुलाईघरात तीन बायका कोसळल्या होत्या. दोघींना पाणी मारून बसवलं, तिसरीला दवाखान्यात न्यावं लागलं. मोजपट्टीने आधी नावं वाचली. ताईचं नव्हतं. त्याने पुन्हा वाचली, मग खुर्चीत बसला. तोवर आपण उभे आहोत हे त्याला माहीत नव्हतं.

"आतलं पान, हवेचा रकाना," साहेब काचेच्या खोलीतून म्हणाले. "कारंज्याखाली बसवा."

"साहेब, ही हवेची बातमी नाही. कामाच्या जागेची आहे."

"कोसळल्या कशाने?"

"उष्णतेने."

"मग हवेचीच."

"साहेब, रोलर कुणी ढगातून सोडला होता का?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मोजपट्टी सत्तावीस वर्षांत असं बोलला नव्हता. तो बोलायचा ते फक्त अक्षरांबद्दल. "बरं, तिसऱ्या पानावर घ्या," ते म्हणाले. "एक कॉलम. आणि जरा शांत शब्द टाका."

एक कॉलम म्हणजे दोन ओळी, दर ओळीत नऊ अक्षरं. पान सहाला जायचं होतं.

‘धुलाईघरात’ यातच सहा बोटं गेली. ‘उष्णतेने’ चार. दहा आणि अर्धं, बाहेर. ‘उकाडा’ तीन. साडेनऊ. अर्ध्या अक्षराने बाहेर, आणि तसंही उकाडा म्हणजे घरात बसून वारा घेत करायची तक्रार. उकाड्याने कुणाला दवाखान्यात नेत नाहीत. ‘ऊन’ बसत होतं, पण पत्र्याखाली ऊन कुठलं? संगणकाच्या पडद्यावर त्याचा जुना शब्दही तयार होता, पहिली दोन अक्षरं टंकली की आपोआप पुढे यायचा. मोजपट्टीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला ताईच्या हातावरची रेघ दिसली. त्याने तो पुसला. बोटं टेबलावर आपटत राहिली. शेजारचा क्रीडावाला म्हणाला, "अहो, तबला आवरा." घड्याळात सहाला दहा कमी.

मग त्याला ‘ताप’ सुचला. दोन अक्षरं. उन्हाचाही ताप, वाफेचाही ताप, डोक्यालाही ताप. एवढासा शब्द, आणि त्यात केवढी आग. साडेआठ. त्याने लिहिलं:

‘धुलाईघरात ताप
तिघी कोसळल्या’

पान गेलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मोजपट्टी घरी जाताना जिने दोन दोन पायऱ्यांनी चढला.

बुधवारी सकाळी साडेदहाला ताईचा फोन आला. मागे नुसता गलका.

"अरे शहाण्या, काय लिहून ठेवलंयस?"

"का, काय झालं? वाचलं ना सगळ्यांनी?"

"वाचलं! आरोग्य खात्याची गाडी उभी आहे दारात. आम्हाला सगळ्यांना अंगणात काढलंय आणि तोंडाला फडकी बांधलीयत. त्यांना वाटतंय साथ आलीय. तापाची!"

सत्तावीस वर्षं शब्दांत घालवलेल्या माणसाला ताप म्हणजे ज्वरसुद्धा, हे एकदाही आठवलं नव्हतं. तो चपला घालून निघाला.

धुलाईघराच्या फाटकाबाहेर माणसं जमली होती, पण हातभर अंतर राखून. एका हॉटेलचा माणूस धुतलेल्या चादरींचा गठ्ठा परत घेऊन आला होता आणि तो कुणाच्या हातात द्यावा हे त्याला कळत नव्हतं. अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत बावीस बायका ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यासमोर शिट्टी पेपर नाचवत होता. "इथे कसली साथ नाही! हा पेपरवाल्यांचा चावटपणा आहे!"

"ते आम्ही ठरवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ठेंगण्या, घामाने भिजलेल्या, हातात कपाळावर धरून ताप बघायचं बंदुकीसारखं यंत्र. त्या आत, रोलरच्या खोलीत तपासणी करायला गेल्या होत्या म्हणे. तिथे टेबल होतं, सावली होती. पण यंत्रावर आकडाच उमटेना, नुसत्या आडव्या रेघा. त्यांनी सेल बदलले. पुन्हा रेघा. मग यंत्राबरोबरचा कागद उलगडून वाचला, तर लिहिलेलं: चाळीस अंशांच्या वरच्या जागेत हे यंत्र वापरू नये.

"म्हणजे ज्या खोलीत यंत्र काम करत नाही," ताई फडक्याआडून म्हणाली, "तिथे आम्ही आठ तास करतो. आम्हाला कागद जोडलेला नाही ना कुठला."

बायका हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीतून भिंतीवर लावायचा साधा तापमापक काढला आणि आत जाऊन दहा मिनिटं टांगून ठेवला. त्रेचाळीस. सकाळी अकराच्या आत.

मोजपट्टी फाटकाशीच थांबला होता. ताईने त्याला पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. ओळख दाखवली नाही, हे एक तिने बरं केलं.

अंगणात बावीस कपाळं तपासून झाली. कुणालाच ज्वर नव्हता. दवाखान्यातल्या तिसरीचं रक्त तपासायला गेलं, आणि निकाल येईपर्यंत धुलाईघर दोन दिवस बंद. बायका घरी गेल्या. मोजपट्टीला वाटलं, चला, चुकून का होईना, दोन दुपारी तरी वाचल्या. इतकं वाटून घ्यायला तो दोन दिवसही थांबला नाही, ही त्याची दुसरी चूक.

गुरुवारी दुपारी रक्ताचा निकाल आला आणि आरोग्य खात्याने धुलाईघराला प्रमाणपत्र दिलं. त्यांच्याकडे छापील नमुना एकच होता. रिकाम्या जागा भरून तो असा झाला: ‘सदर ठिकाणी तपासणी केली असता ताप नाही.’

शिट्टीने त्या कागदाच्या पंचवीस प्रती काढल्या. एक भिंतीवर गेली, एक पेपरच्या कचेरीत आली, सोबत मालकाचं पत्र: उद्याच्या अंकात खुलासा छापा, नाही तर वकिलाची गाठ. चार वाजता साहेबांनी मोजपट्टीला काचेच्या खोलीत बोलावलं.

"दोन ओळी लिहा. ‘धुलाईघरात ताप नाही.’ संपलं."

"साहेब, तसं लिहिलं तर..."

"तर काय? खरंच आहे ना? सरकारी कागद आहे."

मोजपट्टीची बोटं साहेबांच्या टेबलावर वाजायला लागली. त्याला भिंत दिसत होती. वर कारंज्यातली पोरं, मध्ये ‘ताप नाही’ असा सरकारी शिक्का, आणि शेजारी उद्या त्याचाच पेपर तेच म्हणणार. एकदा हे तिन्ही कागद ओळीने लागले की तिसरा अर्ज कुणी हातातही घेणार नव्हतं. खाली ताई, दोन वर्षं, रोज दुपारी. दुपारीच तिने सांगितलं होतं, शुक्रवारपासून पाळी सुरू, आणि बुडलेलं काम भरून काढायला रोलर सहापर्यंत चालणार.

"तुमचं कुणी आहे का तिथे?" साहेबांनी एकदम विचारलं.

"बहीण आहे."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ती बातमी कारंज्याखाली गेली असती."

साहेब चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात मोजपट्टी उठला. डॉक्टरीणबाईंना फोन लावून त्याने एकच प्रश्न विचारला: तपासणी आतल्या टेबलाशी न करता अंगणात का केली, हे तुम्हाला कुठे लिहावं लागलं का? "लागलं की," त्या म्हणाल्या. "जागा बदलली की कारण लिहावंच लागतं. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला आहे. कुणी उलटून बघत नाही." शिट्टीनेही बघितलं नव्हतं, पंचवीसच्या पंचवीस प्रती पुढच्याच बाजूच्या होत्या. बाईंनी मागच्या बाजूचा फोटो पाठवला.

खुलासा दुसऱ्या पानावर, खाली, बारीक टायपात छापत. त्याला मथळा नसे, म्हणून अक्षरांची मर्यादाही नसे. मोजपट्टीने सत्तावीस वर्षांत तिथे एकदाही काही लिहिलं नव्हतं. तिथे चुकणाऱ्यांची वस्ती, असं तो म्हणायचा. आता तो लिहायला बसला, आणि बोटं कुठे आपटावीत ते त्याला कळेना.

‘खुलासा: बुधवारच्या अंकातील “धुलाईघरात ताप” या मथळ्यात ताप हा शब्द ज्वर या अर्थी वापरलेला नव्हता. तेथील कुणाही कामगाराला ज्वर नाही. आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार रोलरच्या खोलीत सकाळी अकरापूर्वी त्रेचाळीस अंश तापमान होते. त्या तापमानात खात्याचे यंत्र चालू शकले नाही, म्हणून तपासणी अंगणात करावी लागली. त्या खोलीत कामगार रोज आठ तास काम करतात. तिघी कोसळल्या त्या याच खोलीत. गेली सहा वर्षे आम्ही ज्याला हवापालट म्हणत आलो, तो हाच. गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.’

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. लाल पेन उघडलं आणि हवापालटाचं वाक्य खोडलं.

"हे आपण आपल्याबद्दल लिहायचं नाही."

"खरं आहे ते, साहेब."

"खरं आहे म्हणूनच." पेन कागदावर फिरत राहिलं, आणखी एका ओळीवर थांबलं, उचललं गेलं. "आठ तासांचं वाक्य नोंदीत नाही."

"आठ वाजता शिट्टी, पाचला सुट्टी, मध्ये तासभर जेवण. वजाबाकी आहे. तिला सही लागत नाही."

साहेब पित्ताची गोळी शोधायला लागले. ड्रॉवर बंद केला, उघडला. "खुलासा कुणी वाचत नाही म्हणून सोडतोय," ते म्हणाले, आणि सही केली.

एकीने मात्र वाचला, आणि तो कापून एकवीस जणींना वाचून दाखवला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बायका आत गेल्याच नाहीत. दोनला मोजपट्टीच्या टेबलावरचा फोन वाजला. ताई अंगणातून बोलत होती. शिट्टी वाजून गेली होती, दोनदा. बावीसजणी चादरींच्या सावलीत बसून होत्या. डॉक्टरीणबाईंनी तो भिंतीवरचा तापमापक परत नेलाच नव्हता, राहिला म्हणाल्या. चुकून राहिला की काय, ते त्यांनाच ठाऊक. आत सेहेचाळीस दाखवत होता.

"मग?"

"मग काय? मी शिट्टीला म्हटलं, साहेब, यंत्र ज्या खोलीत चालत नाही तिथे आम्ही जायचं नाही असं ठरवलंय. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाला, तुम्हा बायकांना निमित्तच हवं, मी चालवून दाखवतो. आत गेलाय. कारकुनाला घेऊन. चादर वाकडी गेली पहिलीच, इथून दिसतंय."

मोजपट्टीने घड्याळाकडे पाहिलं. त्याला हसू येईना. "ताई, त्याला बाहेर काढ. काही झालं तर..."

"काढते, काढते. जरा घाम तरी येऊ दे."

तिने फोन ठेवला नाही. तसाच हातात धरून बसली असावी, कारण बायकांची कुजबुज ऐकू येत होती, कुणी तरी मिनिटं मोजत होतं. अकराव्या मिनिटाला ताई म्हणाली, "आला." मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज. मग: "पायरीवर बसलाय. पाणी दिलं. बोलत नाहीये."

"काय म्हणाला?"

"बोलत नाहीये म्हटलं ना! बहिरा आहेस का?"

सव्वातीनला पुन्हा फोन. पंचेचाळीस. शिट्टीने मालकाशी बोलून रोलर बंद केला होता, आजच्यापुरता, चारपर्यंत. उद्याचं उद्या. पहाटेच्या पाळीचं विचारलं तर म्हणाला, विचार करतो. कात्रण अजून भिंतीवरच होतं, पण त्याचा एक कोपरा घामट हाताने सुटलेला.

मोजपट्टीसमोर शनिवारचं पान उघडं होतं. कोण्या गावात तळ्यातले मासे एका रात्रीत वर आले होते, बातमीला मथळा हवा होता, दोन ओळी, नऊ नऊ अक्षरं. त्याला एकही शब्द पटेना. जो सुचे त्याला तो उलटा करून बघे, याचा आणखी काय अर्थ होतो, हा कुणाच्या भिंतीवर लागेल. "पान पाठवा," आतून हाक आली. "पाठवतो," तो म्हणाला, आणि पाठवलं नाही.

चार वाजता फोन वाजला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"रोलर बंद ठेवून बेचाळीस झालंय," ताई म्हणाली. मागे माणसांची ये-जा, कुणी तरी दार सरकवत होतं. "शिट्टी म्हणतो, आता दोन तास काढून द्या, सहापर्यंत, मग सोमवारी बोलू. निम्म्याजणी उठल्यात. ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्या म्हणतायत, चला. मी काय करू? जाऊ का?"

ताईने त्याला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. शाळेत घालायला तिनेच नेलं होतं, नोकरीला लाग असं तिनेच सांगितलं होतं.

"नको," मोजपट्टी म्हणाला. "ताई, नको जाऊस."

पण तोवर पलीकडे रोलर घरघरायला लागला होता, आणि त्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही, हे त्याला कळलं नाही. फोन चालूच होता. तो कानाला लावून तो उभा राहिला.